सतत गैरहजर



संयोजकांनी मला ‘आमच्या वेळची शाळा’ हा विषय दिला आणि वीस मिनिटं दिली. विषय सोपा आहे, वीस मिनिटंच अवघड आहेत. पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसाच्या हाती माईक देऊन त्याला शाळेविषयी बोलायला सांगणं म्हणजे उताराला लागलेली बैलगाडी थांबवायची जबाबदारी अंगावर घेणं. तेव्हा सूत्रसंचालक बाई, घंटा जवळ ठेवा आणि वाजवायला लाजू नका. या शाळेच्या घंटेला मी अजून घाबरतो.

आमच्या वेळची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. आपल्या कोयना खोऱ्यात रेल्वे अजून आलेली नाही, मग साठ वर्षांपूर्वी तो रूळ कुठून आला? धरणाच्या कामावरून आला, असं शिपाईमामा सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण त्याचा आवाज नदीपलीकडच्या वाड्यांपर्यंत जायचा, आणि पहिला टोल पडला की टेकडीवरून पोरं अक्षरशः गडगडत खाली यायची.

मी १९६४ च्या जूनमध्ये आठवीत आलो. नेहरू जाऊन दोन-तीन आठवडे झाले होते, हॉलमध्ये त्यांच्या फोटोला घातलेला हार वाळून करडा झाला होता, आणि बाहेर आपला पाऊस. त्या पावसाचं वर्णन मी या सभेत करणार नाही, तुम्ही त्यातच वाढला आहात. फक्त नव्या मुलांसाठी एवढंच सांगतो की तेव्हा रेनकोट नव्हते, छत्री मास्तरांकडे असायची. आम्ही इरली घेऊन यायचो. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते इरलं डोक्यावरून पाठीवर घ्यायचं आणि शाळेत आल्यावर पडवीत खुंटीला टांगायचं. चाळीस-पन्नास इरली एका रांगेत, सगळी सारखी, सगळी गळणारी. संध्याकाळी ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेऊन जायचा. मग घरी आई विचारायची, हे कुणाचं आणलंस? शेवटी ज्यानं त्यानं आपल्या इरल्याला रंगीत चिंधी बांधली. माझी चिंधी हिरवी होती. या शाळेत मी पहिली गोष्ट शिकलो ती आपलं इरलं ओळखायची. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यानंतर.

शाळा पाचवीपासून होती, पण वाड्यांवरची आम्ही मुलं सातवीपर्यंत आपापल्या गावात शिकून आठवीला इथं यायचो. मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर कौलं. पाच खोल्या आणि एक लांब हॉल. वर्ग जास्त झाले की दोन तुकड्या देवळाच्या ओवरीत बसायच्या. तिथं बसायला आम्ही भांडायचो, कारण शेजारी प्रसाद असे.

आमचे गणिताचे सर आणि मुख्याध्यापक, ज्यांना सगळं गाव मोठे सर म्हणे, हे दोघं दोन टोकांची माणसं. गणिताचे सर अंगानं किरकोळ, कोकणातून घाट चढून आलेले, आवाज असा की मागच्या बाकाला ऐकूच जायचा नाही. म्हणून मागचा बाक रिकामा राहायचा. भूमिती त्यांनी आम्हाला वर्गात कमी आणि मैदानावर जास्त शिकवली. बारा समान गाठी मारलेली दोरी घ्यायची आणि तीन, चार, पाच असा त्रिकोण ताणायचा. काटकोन आपोआप मिळतो. आपल्या व्हॉलीबॉलच्या मैदानाचे चारही कोपरे आम्ही पोरांनी त्या दोरीनं काढले आहेत. परवा आल्यावर मी एका कोपऱ्यात उभा राहून डोळा लावून पाहिलं. कोपरा अजून सरळ आहे.

मोठ्या सरांचं हत्यार म्हणजे हजेरीपट. तीन दिवस कुणी आलं नाही की रविवारी छत्री घेऊन ते त्याच्या वाडीला निघायचे. रागवायचे नाहीत. ओसरीवर बसायचे, पाणी मागायचे, भाताचं, रेडकाचं विचारायचे, आणि उठताना म्हणायचे, उद्या पोराला पाठवा, त्याच्या वाटणीची जागा मी राखून ठेवली आहे. आमच्या वाडीत ते दोनदा आले. एकदा माझ्यासाठी.

लांबच्या मुलांसाठी शाळेजवळ दोन खोल्या होत्या. त्याला वसतिगृह म्हणायचं ते कौतुकानं. तिथल्या पोरांचं जेवण एस.टी.नं यायचं. सकाळी पहिल्या गाडीनं घरून डबा निघायचा. पत्र्याचा गोल डबा, फडक्यात बांधलेला, झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव. नाचणीच्या भाकऱ्या, खर्डा, कधी हुलग्याची उसळ, सणाला वरीचा भात. कंडक्टर तो डबा आमच्या फाट्यावर उतरवून ठेवायचा, पोर जाऊन घेऊन यायचं, आणि रिकामा डबा परतीच्या गाडीनं घरी. पैसे कुणी दिले नाहीत आणि कुणी मागितले नाहीत. गाडी बंद पडली की वसतिगृह उपाशी. मग गावातली पोरं आपापल्या घरून अर्धी-अर्धी भाकरी लपवून आणायची. आयांना ते कळायचं, कारण त्या दिवशी भाकरी जास्तच केलेल्या असायच्या. पुढं मी पोस्टात लागलो, आयुष्यभर लोकांची टपालं पोचवली. पण त्या एस.टी.च्या डब्यांइतकी बिनचूक पोचणारी टपालसेवा मी पाहिली नाही. आमच्या खात्यानं मला माफ करावं.

आता ई.बी.सी.ची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आमच्या पिढीची शाळा पुरी होत नाही. ज्याच्या घरचं वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांच्या आत, त्याला फी माफ. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि आपल्याच पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना ही सवलत आली. तलाठ्याचा दाखला आणायचा, फॉर्म भरायचा. माझे वडील दाखला आणायला गेले तेव्हा तलाठ्यानं विचारलं, वर्षाचं उत्पन्न किती? वडिलांना प्रश्नच कळला नाही. आमच्या घरात भात पिकायचा, नाचणी पिकायची, ती खाल्ली जायची. बाराशे रुपये एका जागी आमच्या भावकीत कुणी पाहिलेले नव्हते. तलाठी शहाणा होता, त्यानं आकडा स्वतःच टाकला. त्या एका कागदावर मी चार वर्षं शिकलो. इथं बसलेल्या माझ्या वयाच्या निम्म्या तरी लोकांचं असंच आहे, माना हलताना दिसताहेत.

पण माफ फक्त फी झाली. पोरगं घरी नसणं कुणी माफ केलं नाही. लावणीला हात कमी पडायचे, म्हशीमागं कुणीतरी जायला लागायचं, धाकटं सांभाळायला लागायचं. आठवीच्या वर्गात आम्ही ४६ जण होतो. अकरावीच्या सुरुवातीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, २१ उरलो.

मुलींचं तर विचारूच नका. आठवीत सात होत्या. त्यांतली एक गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढं. सर फळ्यावर उदाहरण लिहीत असतानाच ती उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून वही पालथी ठेवायची, म्हणजे आम्हाला दिसू नये. नववीच्या परीक्षेनंतर ती आली नाही. मोठे सर छत्री घेऊन गेले, पाणी प्यायले, आणि तसेच परत आले. लग्न ठरलं होतं. ती बाई आज या मांडवात तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव सांगणार नाही, तिनं मघाशी तशी ताकीद दिली आहे, आणि तिच्या ताकदीचा मला नववीपासून अनुभव आहे. मी तिला विचारलं, आमंत्रण आलं का? म्हणाली, आलं की, नात सातवीत आहे ना, पालक म्हणून आलं. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

अकरावीच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही मुलं रात्री शाळेतच झोपायचो. घरी रॉकेलची चणचण, इथं एक गॅसबत्ती सगळ्यांना पुरायची. गणिताचे सर आमच्याबरोबर मुक्कामाला असायचे. त्या वर्षी, १९६७ साली, सप्टेंबरात एक चांगलाच हादरा बसला होता. जमिनीतून गुडगुड आवाज तर आपल्याकडे त्याआधीपासूनच यायचा. लोक म्हणायचे, धरणाचं पाणी बोलतंय. सवय झाली होती. पण सरांनी सप्टेंबरनंतर हट्ट धरला: अभ्यास हॉलमध्ये, झोपायचं मात्र बाहेर, मैदानावर. नोव्हेंबर गेला, डिसेंबर लागला, थंडी कशी असते तुम्हाला माहीत आहे. घोंगडीवर दव पडायचं. आम्ही सरांच्या माघारी त्यांना नको नको ते बोललो. एकानं मोठ्या सरांकडे तक्रारही नेली. मोठे सर म्हणाले, त्यांच्या विषयात मी बोलत नाही. हॉल रिकामा, कोरडा, उबदार, आणि आम्ही बारा जण बाहेर शेकोटीभोवती कुडकुडत.

११ डिसेंबरची पहाट. सोमवार होता. चार वाजून एकवीस मिनिटं, असं नंतर छापून आलं. आमच्यात कुणाकडे घड्याळ नव्हतं. आधी आवाज आला, मग जमीन सूप पाखडावं तशी आम्हाला पाखडायला लागली. उभं राहायला गेलो की पडायचो. किती वेळ चाललं ते सांगता येत नाही. थांबलं तेव्हा कौलांचा आवाज चालू होता, कौलं अजून एकेक घसरत होती. हॉलची मधली तुळई खाली आली होती आणि जिथं आम्ही अंथरुणं घालायला मागत होतो तिथं हातभर उंचीचा ढीग होता, माती, वासे, खापऱ्या. धुरळ्यानं शेकोटीसुद्धा दिसेना. गावातून रडण्याचा आवाज सुरू झाला होता आणि जनावरं ओरडत होती.

आम्ही घराकडे पळणार, तेवढ्यात सरांचा आवाज आला. मागच्या बाकाला न ऐकू जाणारे ते सर, पण त्या पहाटे त्यांचा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. ते हजेरी घेत होते. अंधारात, तोंडपाठ. एक नंबर. हजर. दोन नंबर. हजर. सवयीनं त्यांनी मुलींचेही नंबर पुकारले, तेव्हा कुणीतरी ‘घरी’ म्हणून सांगितलं. चौदा नंबर. उत्तर आलं नाही. पुन्हा चौदा नंबर. मग कुणाला तरी आठवलं की तो रविवारी गावाला गेला आहे. सर म्हणाले, बरं. आणि एकवीसपर्यंत गेले. मगच म्हणाले, आता जा घरी, दोघादोघांनी जा, भिंतीकडेनं चालू नका.

त्या भूकंपात कोयनानगर आडवं झालं. सगळीकडची मिळून पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली. आपल्या शाळेतला पाचवीतला एक मुलगा गेला. आमच्या वर्गातलं कुणी गेलं नाही. त्याचं कारण मी तुम्हाला आता सांगितलं. सरांचे आभार मानायचे असतात हे आम्हाला त्या वयात सुचलं नाही, आणि त्यांनीही तो विषय नंतर कधी काढला नाही. फक्त थंडीबद्दल कुरकूर बंद झाली. जानेवारीत अजून धक्के चालूच होते, तेव्हा तर अख्खा गावच बाहेर झोपत होता.

त्यानंतरची शाळा नदीकाठच्या आंबराईत भरली. माझ्या मते आमच्या चार वर्षांतली सगळ्यात चांगली शाळा तीच. फळा आंब्याच्या बुंध्याला टेकवलेला, नववी एका झाडाखाली, दहावी दुसऱ्या, आणि इतिहासाचे सर पानिपत सांगायला लागले की तिन्ही वर्ग तिकडंच माना वळवायचे. दक्षिण अमेरिकेचा नकाशा एका शेळीनं अर्धा खाल्ला. भूगोलाचे सर म्हणाले, ब्राझील परीक्षेला येणार नाही असं समजा. आणि तो आलाही नाही. मार्चमध्ये आम्ही कराडला केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. सतरा जणांनी. चौघे त्या तीन महिन्यांत गळाले. चौदा नंबर त्यांतला एक.

मे महिन्यात मोठ्या सरांनी मला बोलावलं. म्हणाले, मुंबईला जायचंय, पावती पुस्तकं धरायला कुणीतरी हवं. शाळा उभी करायची होती. सरकारी मदत यायची तेव्हा येणार, पावसाळा त्याच्या आधी येणार. मी मुंबई पाहिली ती अशी, काखेत तीन पावती पुस्तकं धरून, रात्रीच्या एस.टी.नं.

आपल्या तालुक्यातली माणसं तेव्हा मुंबईत काय करत होती हे इथं सांगायची गरज नाही. अर्धी गिरणीत, अर्धी गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझी वाहायला. मशीद बंदरला एका गाळ्यात आम्ही उतरलो. एक खोली, सोळा माणसं. रात्रपाळीवाली निघाली की दिवसपाळीवाली त्याच चटईवर पडायची, चटई गार व्हायची नाही. माथाडी कायदा यायचा होता. तो १९६९ साली आला, आणि त्यासाठी झुंजलेले अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातले. पण त्या मे महिन्यात मजुरी मुकादम देईल ती, आणि काम असेल त्या दिवशी.

मोठे सर दारात उभे राहिले आणि आत जी गडबड उडाली ती मला अजून दिसते. जेवत होते ते घास तसाच धरून उठले. एकानं विडी पाठीमागं लपवली, वय चाळिशीचं असेल. सर एकेकाकडे बघायला लागले. तू आठवीतून गेलास. तू नववीत, गोकुळअष्टमीनंतर आला नाहीस. तू? तुला तर सहामाहीत संस्कृतात पैकीच्या पैकी होते रे. वर्ग भरावा तशी ती खोली भरली होती. त्यांच्यातला एकही जण मॅट्रिक झालेला नव्हता.

आणि कोपऱ्यात चौदा नंबर. खांद्याला गोणीचं फडकं, कमरेला ओझं ओढायचा आकडा. भूकंपात घर पडलं, वडिलांचा पाय गेला, धाकटी तीन भावंडं. तो जानेवारीतच चुलत्याबरोबर आला होता. सरांच्या पाया पडला आणि त्यानं एकच विचारलं, “सर, माझं नाव कमी केलं का?”

सर म्हणाले, “अजून नाही.”

त्यानं अकरा रुपये दिले. त्या खोलीतल्या प्रत्येकानं पाच, सात, अकरा असे दिले. पावतीवर नावं मी लिहीत होतो, पण त्यानं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. त्याचं अक्षर आमच्या वर्गात पहिलं होतं. आठ दिवस आम्ही असेच हिंडलो, डिलाईल रोड, लालबाग, भायखळा. परत आलो तेव्हा तिन्ही पुस्तकं संपली होती. त्या पैशांतून पत्र्याच्या तीन खोल्या उभ्या राहिल्या आणि पावसाळ्याआधी शाळा छपराखाली गेली. आज जिथं संगणक कक्ष आहे, त्याच जागेवर.

आता माझा मुद्दा. तुम्ही प्रवेशद्वाराशी तो मोठा फ्लेक्स पाहिला असेल, ‘आमचे माजी विद्यार्थी’, वर्षवार नावं. स्मरणिकेत हीच यादी जाणार आहे. समितीनं खूप मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. मी विचारलं, यादी कशावरून केली? तर एस.एस.सी.च्या निकालांवरून. म्हणजे जो परीक्षेला बसला तो माजी विद्यार्थी. आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर १०१ रुपयांपासून पुढची नावं आहेत. म्हणजे अकरा रुपयेवाला तिथंही नाही आणि इथंही नाही.

म्हणून मागच्या महिन्यात मी दोन दिवस शाळेच्या ऑफिसात येऊन बसलो. लिपिकांनी मला जुनी जनरल रजिस्टरं काढून दिली, त्यांचे आभार; धुळीनं त्यांना चार दिवस शिंका येत होत्या. त्यात प्रत्येकाचं नाव आहे. जन्मतारीख, दाखल दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक, आणि शेवटी एक रकाना: शाळा सोडल्याचं कारण. मी तो रकाना वाचत गेलो. ‘सतत गैरहजर.’ ‘सतत गैरहजर.’ ‘परगावी.’ ‘सतत गैरहजर.’ पान उलटलं की पुन्हा तेच. लिहिणाऱ्याचा दोष नाही, नियमाप्रमाणे काहीतरी लिहायला लागतं. पण ज्याच्या वडिलांनी त्याला लावणीला थांबवलं तोही सतत गैरहजर, जिचं लग्न झालं तीही सतत गैरहजर, आणि ज्याचं गाव धरणात गेलं आणि घरच्यांबरोबर सोलापूरकडे पुनर्वसनाला पाठवला गेला, तोही. तो तर माझा बाकावरचा जोडीदार होता. नववीच्या पहिल्या दिवशी मी त्याची जागा धरून बसलो होतो.

पाचवीतला तो मुलगा. त्याच्या नावापुढं कारण लिहिलेलं नाही. फक्त तारीख आहे.

मग अकरावी, चौदा नंबर. सोडल्याचा दिनांक कोरा. कारण कोरं. मोठ्या सरांनी ती ओळ शेवटपर्यंत भरलीच नाही. त्यांच्यानंतरच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. शिक्षण खात्याचे कुणी साहेब सभेत असतील तर त्यांनी हे ऐकलं नाही असं समजावं. तो माझा मित्र पुढं माथाडी बोर्डात नोंदला गेला, दोन मुलींना त्यानं पदवीपर्यंत शिकवलं, आणि त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. रजिस्टरप्रमाणे तो अजून अकरावीत शिकतो आहे.

तर समितीला माझी विनंती आहे. स्मरणिका छापायला जायला अजून अवकाश आहे. यादी निकालावरून करू नका, जनरल रजिस्टरवरून करा. नाव, दाखल झाल्याचं वर्ष, बस. किती शिकला, का सोडली, काही लिहू नका. पानं वाढतील, खर्च वाढेल. वाढीव पानांचा खर्च माझ्या पेन्शनमधून झेपेल एवढा आहे, मी छापखान्यात विचारून आलो आहे. आणि पावती पुस्तकांच्या स्थळप्रती कपाटात खालच्या खणात आहेत, तिन्ही. वाळवीनं एकीचे कोपरे खाल्ले आहेत, नावं शाबूत आहेत. त्या स्कॅन करायला संगणक कक्षातली मुलं तयार आहेत, मी त्यांना भेटलो. ज्या जागेवर त्या पैशांची खोली होती तिथंच हे काम होईल.

पत्त्यांची काळजी करू नका. पोस्टात मी लागलो तेव्हा पिनकोडसुद्धा नव्हता, ‘मुक्काम पोस्ट अमुक, पिंपळाजवळ’ एवढ्यावर आम्ही पत्र पोचवायचो. मुंबई मंडळातल्या नातवंडांना मी फोन लावायला सुरुवात केली आहे. सोलापूर, सांगलीकडे पुनर्वसनात गेलेल्यांपैकी कुणाचा ठावठिकाणा कुणाला माहीत असेल तर मला सांगा. माझा जोडीदार मला अजून सापडलेला नाही.

घंटा वाजली, ऐकली मी. दोनच वाक्यं. रजिस्टरं आज मुद्दाम बाहेर मांडली आहेत, स्टेजच्या उजव्या हाताला, टेबलावर. शेजारी एक कोरी वही आणि पेन्सिल आहे. जेवायला जाण्याआधी तिकडून जा, आपल्या वर्गाचं पान काढा, आणि ज्याचं जे माहीत असेल ते वहीत लिहा: कुठं आहे, कुठं होता, कुणाकडे चौकशी करावी. आठवत नसेल तर नुसतं पान वाचा, आठवेल. पहिली ओळ मी सकाळीच लिहून ठेवली आहे. दाखल १९६४, इयत्ता आठवी, पत्ता: तिसरी रांग, डावीकडून दुसरी खुर्ची. तिनं माझ्याकडे बघायला सुरुवात केली आहे, तेव्हा मी आता बसतो.